तेलाचा काटा

पोयनाडच्या बाजारातल्या गतिरोधकावर दिपेशची गाडी तिरकी चढायची आणि तिरकीच उतरायची. सरळ नेली की पोट खरडलंच म्हणून समजा. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून थकायचे, पण या पठ्ठ्याला त्याचं काही नाही. दोन हजार सातची जपानी सेडिया ती, मूळची कुणा डॉक्टरांची, जपून चालवलेली. दिपेशने तिचे स्प्रिंग बदलून ती चार बोटं खाली बसवली, ब्रेक मोठे केले, पुढच्या सीटांच्या मागे पट्टे बांधायला एक आडवी लोखंडी दांडी घातली. मागची सीट मात्र त्याने अशी ठेवली होती, की शनिवारी काढायची आणि सोमवारी परत बसवायची, कारण बायकोला, अमिषाला, माहेरी याच गाडीतून जायचं असायचं. लोक शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची गाडी टेम्पोत घालून नेतात. दिपेशचा हट्ट असा, की आपली गाडी स्वतःच्या चाकांवर जाईल आणि स्वतःच्या चाकांवर घरी येईल.

गेल्या वर्षी ती क्रेनच्या हुकाला लटकून आली होती. घाटावरच्या ट्रॅकवर इंजिन बसलं, आणि अख्ख्या गावाने बघावी अशी भर दुपारी गाडी घरी आली. पार्ट खराब निघाला, असं दिपेश सगळ्यांना सांगत सुटला. खरं काय ते त्याचं त्यालाच माहीत होतं. तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला त्याने डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी अजून एक फेरी मारली होती. मस्ती, दुसरं काय! तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं आणि आतली बेअरिंगं खाऊन टाकली.

दिपेशचा बाप हिरामण याने तीस वर्षं थळच्या कारखान्यातून खताच्या गोणी वाहिल्या. आधी एक ट्रक, मग तीन. त्या तीस वर्षांत त्याने एक इंजिन जाळलं नव्हतं. त्याच्या गॅरेजच्या दारात पोराची गाडी हुकावरून उतरली, तेव्हा त्याने ती एकदा फिरून बघितली. जेवायला बसल्यावर मात्र ताटाकडे बघत त्याने सुनावलं, "एकदा झाला. परत गाडी खेचून आनलीस, तर ती इकायची आन् टरकांवर बसायचं. मंग ह्यो नाद बंद." दिपेशने मान हलवली. हिरामणने दिलेला शब्द फिरवल्याचं तालुक्यात कुणाला आठवत नव्हतं.

पुढचे नऊ महिने दिपेशने रविवार म्हणून पाळला नाही. दुसरं इंजिन आणून ते पार सुटं केलं, एकेक तुकडा मापून परत बांधलं. आणि यावेळी पुढच्या जाळीमागे तेल थंड करणारा छोटा कूलर बसवला. जाळीतून वारा येणार, कूलरवर आदळणार, तेल निवणार, एवढं साधं काम. पण तो वारा मोकळा यायला हवा. म्हणून त्याची आई ठमाबाई लिंबू-मिरची घेऊन आली, तेव्हा तो खेकसलाच, की पुढे काही म्हणजे काही लटकवायचं नाही. ती बिचारी फुरंगटून आत गेली. हिरामण बाकड्यावर तंबाखू मळत बसला होता. त्याने नुसतं ऐकून घेतलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दिपेश घाट चढून ट्रॅकवर पोचला. बरोबर प्रफुल्ल होता, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आता स्वतःच शाळेत मास्तर आहे, त्यामुळे घड्याळ लावून दुसऱ्याला पळवणं त्याला छान जमतं. पहिल्या पाच फेऱ्या झकास झाल्या. काटा एकशे पाचवर बसून होता. दिपेशचा चेहरा असा फुलला, की प्रफुल्लने त्याची चेष्टा करून घेतली.

दुसऱ्या खेपेला तो जोरात सुटला. लांबच्या सरळ पट्ट्यावर वेग चढला आणि काटा एकशे बारावर आला. पुढच्या वळणाला एकशे एकवीस, मग एकशे तीस. दिपेशच्या तोंडचं पाणी पळालं. कूलर नवा, तेल नवं, पाइप त्याने स्वतः तपासलेले, मग हे काय? आणि नेमकी तीच फेरी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जलद चालली होती. अर्धी फेरी उरली होती, पायाखाली ॲक्सिलरेटर होता, आणि गेल्या वर्षीचीच मस्ती पुन्हा डोक्यात शिरत होती. त्याने दात आवळले आणि पाय उचलला. गाडी हळूहळू आत आणून बंद केली, तेव्हा काटा एकशे अडतीसवर होता.

प्रफुल्ल जाळीपाशी वाकला आणि तसाच थांबला. मग त्याने हात घालून आतली दोरी कापली आणि एक कापड ओढून काढलं. ओटीतला खण होता तो, हिरवा, विटलेला. बंपरच्या आत दोरीने बांधलेला होता, पण वाऱ्याने उलगडून कूलरवर चपखल चिकटून बसला होता. चिमूटभर तांदूळ खाली सांडले. दिपेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला लाख वेळा सांगितलं, आणि तरी हिने केलंच! नऊ महिन्यांची मेहनत एका फडक्याने मातीत घातली, म्हणून तो बडबडत राहिला. प्रफुल्ल शहाणा, त्याने नुसता पाना पुढे केला.

इंजिन गेलं की वाचलं, ते एकाच ठिकाणी कळतं. तेलाचा फिल्टर कापायचा, आतला घडीचा कागद उलगडायचा आणि उन्हात धरायचा. बेअरिंग घासलं असेल तर धातूचा चुरा चमकतो. गेल्या वर्षी तो कागद चमचम करत होता. दिपेशने फिल्टर कापला, पण कागद उलगडायला त्याचा हात धजेना. शेवटी प्रफुल्लने उलगडून उन्हात धरला. दोघांनी घडी न् घडी बघितली. काळं तेल, बस्स. चमक कुठेच नव्हती.

दिपेशचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच चाकाला टेकून खाली बसला आणि येड्यासारखा हसत सुटला. डोळे पुसायला त्याने हाताला लागलं ते कापड घेतलं, तर तो खणच निघाला. त्याच्या टोकाला निळ्या दोरीची गाठ होती. दिपेश हसायचा थांबला.

ट्रकवरची ताडपत्री बांधायची गाठ होती ती. घाटात हिसके बसले तरी सुटत नाही, आणि एक टोक ओढलं की अलगद मोकळी होते. आईला ती गाठ येत नव्हती. घरात ती एकाच माणसाला यायची. आणि खणही त्याने आता ओळखला. एकवीरा आईच्या ओटीतला हा खण हिरामणच्या पहिल्या ट्रकच्या पुढच्या बंपरला असायचा. ट्रक मोडीत गेला, तेव्हा बापाने तो पेटीत जपून ठेवला होता. नाद बंद कर म्हणणाऱ्या माणसाने त्या खाली बसलेल्या बंपरखाली आडवं होऊन, गुडघे दुखत असताना, कधी बांधला असेल देव जाणे. दिपेशचा राग कुठच्या कुठे गेला.

नवं तेल, नवा फिल्टर घालून त्याने दोन फेऱ्या बेताने मारल्या. काटा एकशे चारच्या वर गेला नाही. मग खण खिशात घालून तो घाट उतरला.

ऊन कलताना गाडी पोयनाडच्या गतिरोधकावर तिरकी चढली, तिरकी उतरली आणि स्वतःच्या चाकांवर गॅरेजच्या दारात आली. हिरामण बाकड्यावरून उठून उभा होता. त्याने आधी चाकं बघितली, मग जाळी, मग पोराचं तोंड.

"काटा कुठवर गेला?"

"एकशे अडतीस. पन आत घेतली, बाबा. फिल्टर साफ हाय."

"गेल्या टायमाला न्हाय घेतलीस," हिरामण म्हणाला. "मना ठावं व्हता."

वर्षभर बापाला सगळं माहीत होतं, आणि त्याने गावात कुणापुढे एक अक्षर काढलं नव्हतं. दिपेशने खिशातून खण काढून त्याच्या हातावर ठेवला. तो कुठे सापडला, ते सांगायची गरज पडली नाही. हिरामणने तेलाने माखलेल्या कापडाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आत बांध," दिपेश म्हणाला. "दांडीला. तिथं वारा अडत न्हाय."

हिरामणने मागचं दार उघडलं, कण्हत आत वाकला आणि लोखंडी दांडीला खण बांधला. तीच गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. मग आतूनच, पाठ फिरवलेलीच ठेवून, त्याने विचारलं, "परत कवा जायचा हाय?"