डब्याची जागा

माझ्या स्वयंपाकघरात दारंच दारं. किशोरनं, माझ्या मुलानं, गेल्या दिवाळीला पुण्याहून माणसं आणून बसवली. पांढरी, गुळगुळीत, सगळी एकसारखी. झारा कुठं, गाळणी कुठं, काही दिसायची सोय नाही. चोर शिरला तर तोही कंटाळून तसाच परत जाईल.

आधीची भिंत यांनी केलेली होती. हे ओझरला विमानाच्या कारखान्यात, हत्यारांच्या खोलीत कामाला. तिथं म्हणे फळीवर प्रत्येक पान्याचा, पकडीचा आकार रंगवलेला असायचा. हत्यार उचललं की त्याचा आकार उघडा पडतो. पाळी सुटायच्या आधी फळीवर एक नजर टाकली की काय परत यायचं राहिलं ते कळतं, आणि ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. यांना हे इतकं आवडलं की एका रविवारी लाल ऑइलपेंट घेऊन आले, आणि माझ्या भिंतीवर उलथणं, किसणी, गाळणी, सांडशी, सगळ्यांचे आकार काढून वर खिळे ठोकले. शेजारच्या वत्सलाबाई हसून हसून बेजार. मीही म्हटलं, "घर आहे का कारखाना?"

"शोधावं लागलं म्हणजे ठेवताना चुकलं," हे म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

यांचा जेवणाचा डबाही त्याच भिंतीवर, दाराजवळ. सकाळी हे डबा घेऊन निघाले की दिवसभर तो लाल आकार उघडा दिसायचा. संध्याकाळी डबा धुऊन खिळ्याला लागला की मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं, खरं सांगते. आता हे राहिले नाहीत, आणि भिंतही कपाटांमागे गेली.

गेल्या महिन्यात किशोर बायकोला घेऊन आला होता. मी दूध तापत ठेवलं आणि गाळणीसाठी एकेक दार उघडत बसले. दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास सुटला. पोरगा घाबरला.

"आई, तुझ्या लक्षात राहत नाही आता. पुढच्या खेपेला गाडी घेऊन येतो. पुण्याला चल, हे घर बंद करू."

सून सरिता गुणाची. तिनं जाताना दारांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पण चष्मा कुठल्या दारामागं आहे ते वाचायला आधी चष्मा नको का?

माझा नुसता संताप झाला. विसरते मी, नाही कशाला म्हणू? काल कुठली भाजी केली विचाराल तर सांगता यायचं नाही. पण हाताला सगळं ठाऊक होतं. या दारांनी हातालाच आंधळं केलं.

किशोर रविवारी येणार म्हणाला, तशी शनिवारी मी यांचा पेचकस काढला आणि एकेक दार उतरवलं. गेरू कालवला. झारा कपाटाच्या मागच्या फळीवर धरून भोवती बोटानं रेघ ओढली, मग गाळणी, मग सांडशी. कंबर मोडली बाई, पण सगळं जागेला लागलं.

किशोर आला तो दारातच थबकला. कोपऱ्यात दारांची चळत. "आई, हे काय केलंस?"

"बस. चहा टाकते."

साखर, पूड, गाळणी, सांडशी. हात कुठंच अडला नाही. तो बघत होता. कप घेऊन उठला, एकेक आकार बघत दाराजवळच्या रिकाम्या आकारापाशी आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा बाबांचा डबा ना?" तो हळूच म्हणाला. "कुठं ठेवलास, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? लोखंडी कपाटात, यांच्या स्वेटरखाली. कालच त्याचा आकार काढून परत ठेवला."

"मग इथं टांगला का नाहीस?"

"टांगला म्हणजे हे घरी आले असं होतं, किशोर. आले नाहीत ना. मग खोटं कशाला दाखवू?"

  त्यानं कप विसळून त्याच्या आकारावर नीट ठेवला. सिंकखालचं एक दार मला वाकून निघालं नव्हतं. पेचकस घेऊन तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला. माझे कपडे भरायला आणलेली मोठी बॅग खाली गाडीतच राहिली.