दीपमाळेअलीकडे थांबलेली रेघ

मी एक जुना नकाशा आहे. राहतो परदेशात, बेडोक नावाच्या वस्तीत, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या भिंतीवर. पण माझ्या अंगावर शहर आहे ते ब्युनॉस आयर्स, अर्जेंटिनाची राजधानी. हसू नका मित्रांनो. घड्यांवर फाटलो असलो तरी माझ्याएवढे रुंद रस्ते या घरात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाहीत.

मी छापला गेलो तिकडेच. शहर पाहून बंदराकडे परतताना निशिकांतरावांनी मला विकत घेतलं. ते जहाजावर इंजिनिअर होते. हाताचा तेलाचा वास साबणानेही जायचा नाही. कुठल्याही बंदरात उतरले की ते पायी फिरत. ज्या सिग्नलला थांबतील तिथे नकाशावर पेन्सिलीचा ठिपका देत, मग ठिपक्याला ठिपका जोडत. इंजिनाची नोंद ठेवावी तशी पायांची नोंद.

त्यांच्या पत्नी शुभदाबाई, म्हणजे आताच्या आजी. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण नजर अशी की भाजीवालाही सडक्या भेंड्या आधीच बाजूला काढतो. त्यांनी मला जमिनीवर पसरलं. गुलाबी सरकारी वाडा पाहून म्हणाल्या, "रंग तरी काय, लग्नघर जसं!" तिथून निघणारा झाडांचा रस्ता त्यांनी बोटाने चालून पाहिला. तो जिथे 'नऊ जुलै' नावाच्या हमरस्त्याला मिळतो, तिथे बोट थबकलं.

"अहो, हा रस्ता आहे की मैदान?"

"रस्ताच. एका सिग्नलमध्ये ओलांडून होत नाही. या कोपऱ्यावरून त्या उंच खांबापर्यंत मला तीनदा थांबावं लागलं."

रस्त्याच्या मधोमध उभा पांढरा खांब पाहून त्यांनी हात जोडले. "एवढी मोठी दीपमाळ, आणि एक दिवा नाही! कसली ही माणसं!"

निशिकांतराव हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या खेपेला तुझ्या नावाची पणती लावून येतो." आजींनी खांबाला कुंकू लावलं. तो ठसा अजून माझ्यावर आहे.

पुढच्या खेपेला त्यांनी मला सोबत नेलं. अकरा वर्षं झाली. गुलाबी वाड्यापासून आम्ही निघालो. ठिपका, रेघ, ठिपका, रेघ. हमरस्त्याच्या कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. त्यांनी ठिपका दिला आणि त्यांचा हात माझ्यावरून घसरला. मी घरी आलो तो त्यांच्या बॅगेतून, त्यांच्याविना. शेजारी कोरी पणती होती.

तेव्हापासून दुपारी, पंखा बंद असतानाही, मी हलतो. माझ्यावरून एक बोट फिरतं. झाडांच्या रस्त्याने येतं, कोपऱ्यावर थांबतं, मागे जातं. तेलाचा वास सुटला की आजी स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, हिरवा झाला. निघा आता!" दिलेला शब्द पुरा केल्याशिवाय हा माणूस घरी यायचा नाही, हे त्या जाणून आहेत.

नात ईशाला हे बघवेना. "आजी, ती दीपमाळ नाही, ऑबेलिस्क आहे, नुसता स्मारकाचा खांब लाह!"

"हे इथलं लाह-बिह तुझ्या मैत्रिणींना. आजोबांनी कधी नाही म्हटलं नाही."

गेल्या मंगळवारी आजी खाली बाजारात गेल्या होत्या. ईशाने पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यापासून कुंकवापर्यंत रेघ ओढून टाकली. पोचले आजोबा, सुटली आजी, असं तिला वाटलं असणार. मला मात्र ती पेन्सिल गार लागली.

आजींनी पिशवी खाली ठेवली आणि चष्माही न लावता म्हणाल्या, "हा त्यांचा हात नाही."

"आजी, मी..."

"तीन थांबे कुठे आहेत? एका दमात कोण ओलांडतं गं तो रस्ता? गाडीखाली घालतेस त्यांना?"

ईशा रडू लागली. आजींनी खोडरबर तिच्या हातात दिलं. "पूस. पण हळू. त्यांचा ठिपका गेला तर बघ."

रबर त्या शेवटच्या ठिपक्याच्या केसभर जवळ आलं तेव्हा मी श्वास रोखून होतो. ठिपका राहिला. कागद तेवढा झिजला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा. पण जपता जपता त्यांच्यावरचं अर्धं राहिलेलं काम परस्पर उरकून टाकू नका. कुणीतरी अजून त्या वाटेवर असतं.

काल सकाळी ईशाने शाळेला निघताना माझ्याकडे पाहिलं आणि तिची वॉटर बॉटल खाली पडली. कोपऱ्याच्या पुढे, पुसलेल्या जागी, एक बारीक ठिपका होता. "मी नाही केलं, आजी. शपथ."

आजींनी वास घेतला. मग कोरी पणती काढून तिच्यात वात ठेवली, पण पेटवली नाही.

"अजून दोन थांबे आहेत," त्या म्हणाल्या.