अंधाऱ्या खोलीतली सोयरीक

मला एका जागी बसवत न्हाय. सासूबाई म्हणायच्या, दैवशालेच्या पायाला भिंगरी हाय. असू द्या. पण पोराच्या डोळ्याचं बिघडल्यावर कुठली आई गुमान बसती, ते मला कुणी दाखवा.

कुमार माझा एकुलता. दिवसा झाडातलं पाखरू दाखवतो, पण तिन्हीसांज झाली की भिताडाला हात लावत चालतो. आधी आमी हसलो. मंग एक दिवस दिवेलागणीला त्यानं उसाचा ट्रॅक्टर बांधावरून खाली घातला. लागलं न्हाय, देवाची दया. पण तवापासून घरात कुणी हसलं न्हाय.

आन् हे सगळं नेमकं सोयरीक ठरल्यावर. पोरगी माझ्या भावाची, ढोकीच्या गोरोबाची. ज्ञानेश्वरी तिचं नाव. आमच्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची. मी सोता आत्याच्या घरात दिलेली, माझी सासू तीच माझी आत्या. गोरोबाचीबी बायको मामाचीच. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय, कुणाचं काय बिघडलं, असं आमी तोंड वर करून म्हणायचो.

सुपारी रविवारी फुटायची होती. माझ्या डोक्यात एकच घोर, की तोवर गोरोबाला कुमारच्या डोळ्याचं कळू नये. रातांधळ्या पोराला भायेरचं कोण पोरगी देतंय? घरची असली तर सांभाळून घेईल, चार लोकांत बोलणार न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण कुणाला न सांगता डॉक्टर हुडकायचा कसा? आमच्या बेंबळीत एकीच्या कानात सांगावं तर येडशीला गेलेल्या बसमधी तेच बोलणं चाललेलं असतं. मंग मी शेजारणीच्या पावण्याचं नाव करून विचारत हिंडले. कुणी म्हणलं, गाजर चारा. कुणी म्हणलं, शेळीचं काळीज. गावात डोळ्याचं शिबीर आलं, तर तिथं मोतीबिंदूच बघत होते. पोरगं तरणं हाय, काय न्हाय झालं, म्हणून त्यांनी ह्याला वाटंला लावलं. चष्मेवाल्यानं चष्मा दिला. तो चष्मा लावून कुमार त्याच दिवशी अंगणातल्या बादलीवर पडला.

शेवटी धाराशिवच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी थेंब घातले, आपल्या कपाळाला दिवा बांधला आन् लई वेळ आत बघितलं. म्हणले, डोळ्यातलं भिंग चांगलं हाय, बिघाड मागच्या पडद्यात दिसतोय, आन् ते काम पडद्याच्या डॉक्टरचं. सोलापूरच्या एका दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं अंधारात बसवून डोळ्यावर लाइट चमकवतात आन् पडदा जाब देतो का न्हाय, ते तारा लावून मोजतात. ती मशीन त्यांच्या माहितीत जवळ तेवढीच होती. मंग त्यांनी विचारलं, तुमचं लग्न नात्यातलं हाय का? म्या म्हणलं, न्हाय बा. देव माफ करो. त्यांनी तरीबी बजावलं, की हा आजार घराण्यातून येतो, पोराला नात्यातली पोरगी करू नका, पुढच्या लेकरांत उतरंल.

भायेर आल्या आल्या म्या कुमारला दम भरला, ह्यातलं मामाच्या कानावर अवाक्षर जायला नको. त्यानं चिठ्ठी खिशात घातली आन् चालायला लागला. तसा तो हल्ली बोलतच न्हाय.

सोलापूरला निघताना गोरोबाला फोन करून सांगितलं, तुळजापूरला साड्या बघायला चाललोय. तो म्हणला, जावा जावा, मी बी आज बँकेत अडकलोय. लग्नाची त्याला माझ्यापरीस घाई, रोज फोन करून रविवार पक्का ना म्हणून विचारायचा. मला तर साखर खाल्ल्यावानी वाटायचं.

दवाखान्यात माझा जीव नुसता वरखाली. बसले की उठायची, उठले की खिडकीपाशी जाऊन नंबर विचारायची. मागून आलेली एक बाई आधी आत गेली, म्हणून मी भांडलेबी. मशीनवाली पोरगी कावली. म्हणली, मावशी, तुम्ही बसलात तरी नंबर तेवढ्याच वेळात येतो.

मंग तिनं कुमारच्या डोळ्यात थेंब घातले आन् आमाला एका खोलीपाशी नेलं. म्हणली, आत पूर्ण अंधार हाय, पडद्याला अंधाराची सवय व्हावी लागती, म्हणून अर्धा तास बसायचं. मोबाईल बंद. आणखी एक पेशंट आत हाय, त्यांना त्रास देऊ नका. आन् मधी दार उघडायचं न्हाय, उजेड आत गेला की सगळ्यांना पहिल्यापासून बसावं लागंल. दोन पडदे सारून तिनं आमाला आत ढकललं.

काळाकुट्ट अंधार. हात डोळ्यापुढं धरला तरी दिसंना. समोर कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. बाक चाचपत बसले, पण बसवतंय कुठं? पाय हलवले, पदर पिळला, देवाचं नाव घेतलं. जरा वेळानं कुमार हळूच म्हणला, “आई, डॉक्टर म्हणले ते खरं निघालं तर?”

“खरं निघू दे न्हायतर खोटं. रविवारपर्यंत तोंड बंद ठेव. एकदा सुपारी फुटली की तुझ्या मामाला मागं फिरता यायचं न्हाय.”

समोरच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं मी लहानपणापासून ऐकत आलेय.

“अक्का,” गोरोबा म्हणला, “मागं फिरता यायचं न्हाय, म्हणूनच मी बी घाई करायलो होतो.”

मला आधी संतापच आला. बँकेत होतास ना रं, म्हणून वरडणार, तवर आठवलं, की साड्या तरी म्या कुठं घेतल्या होत्या. मंग ध्यानात आलं, की पेशंट गोरोबा न्हाय. त्याच्या शेजारी बारीक हुंदका ऐकू आला. ज्ञानेश्वरी होती.

तिलाबी तेच. दिवाळीपासून संध्याकाळी चुलीपाशी भांडं हाताला लागंना. गोरोबानं कुणाला सांगितलं न्हाय. त्याचाबी हिशोब माझ्यासारखाच, की भायेरचे लोक पोरीला परत आणून घालतील, आत्या असली तर पोटात घेईल. डॉक्टरानं त्यालाबी नात्याचं बजावलं होतं, आन् त्यानंबी मान हलवून सोडून दिलं होतं.

आमी दोघं दबक्या आवाजात भांडलो. तू मला फसवायलास, तो म्हणला. आन् तू रं, मी म्हणले. माझा आवाज चढला. मी ताडकन उठले आन् दार हुडकत भिताडावर हात फिरवायला लागले. कडी वाजली तशी भायेरून ती मशीनवाली वरडली, दार उघडू नका. जाते कुठं? परत येऊन बसले.

गोरोबा म्हणला, “दोघांचाबी पडदा तसला असंल तर एक लेकरू सुटायचं न्हाय, अक्का. मोडू या.”

“मोडली,” मी म्हणले.

आन् रडायला लागले. माझ्या पोराला आता कोण करणार म्हणून मी रडायची, आन् माझ्या पोरीला कोण नेणार म्हणून तो. म्हणजे ज्याचं त्याचं रडणं ज्याच्या त्याच्यापुरतं.

“आत्या,” ज्ञानेश्वरी म्हणली, “लग्नाचं ऱ्हाऊ द्या. मला एवढंच सांगा, मी आंधळी होणार का?”

सगळा मुलूख पालथा घातला, शिबिरात गेले, चष्मेवाल्याकडं गेले, धाराशिव झालं, सोलापूर झालं, पण हे म्या कुणाला एकदाबी विचारलं न्हवतं. मी फक्त रविवार गाठायला बघत होते.

कुमार बोलला. “लगेच न्हाय होत. आधी कडंचं जातं. मधलं काही जणांचं लई वर्षं टिकतं म्हणत्यात. म्या वाचलंय.”

“तुला भ्या वाटतंय का?” तिनं विचारलं.

“रोज. ऊन उतरायला लागलं की दारापासून खाटंपर्यंतची पावलं मोजून ठेवतो. घरात सांगता येत न्हाय.”

माझ्याच शेजारी बसून, माझंच पोरगं, हे तिला सांगत होतं. मला कसं सांगणार? त्यानं तोंड उघडलं की मी दम भरायची.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बारीक लाल दिवा घेऊन मशीनवाली आली आन् म्हणली, आधी कोण येतंय?

“तिला घ्या,” कुमार म्हणला. “तिला लई वेळ झालाय बसून. मी थांबतो आईपाशी.”

ज्ञानेश्वरी उठली, गोरोबा तिचा हात धरून आत गेला, आन् दार लागलं. परत काळोख झाला. म्या चाचपून कुमारचा हात धरला आन् विचारलं, “काय काय दिसत न्हाय रं तुला?”