राहिलेल्या ओळीपासून

“विहारात शांती मिळते म्हणे,” मागच्या सतरंजीवरची एक बाई शेजारणीला म्हणाली, “आता येताना कानांत कापूसच घालून यायला हवा.”

आवाज हळू होता, तरी माझ्या ताईला ऐकू गेलाच. माइकची शिट्टी वाजल्यापासून निशू, तिचा मुलगा, मुठींनी कपाळ बडवत किंचाळत होता, आणि वंदना घेणारे काका त्याच्यावर आवाज चढवत पुढे पुढे म्हणत होते. ताईने त्याला कवेत घेतलं, पर्स उचलली. येताना स्कूटरवर ती म्हणाली होती, “आज शेवटचं बघते. नाही जमलं, तर मी पुन्हा कुठेच नाही यायची.” लग्नं, वाढदिवस, सोसायटीची बाग हे सगळं आधीच सुटलं होतं, उरला होता कोथरूडच्या टेकडीखालचा हा विहार.

मी दाराजवळच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे सुशीलामावशी बसत.

त्या आठवतात त्या उतरत्या उन्हातच. वैशाखाचं दमलेलं ऊन जाळीतून येई आणि त्यांच्या पांढऱ्या सुती साडीवर टेकून बसे, जणू त्यालाही कुठेतरी पाठ टेकायची असावी. टपालखात्यातली सारी नोकरी त्यांच्या गुडघ्यांत उतरली होती. पण तो थकवा त्यांनी कधी कोणावर टाकला नाही. माठातल्या पाण्यासारख्या होत्या त्या, कोणी ढवळून गेलं तरी आपल्या आपण निवळणाऱ्या.

निशू किंचाळू लागला की सगळ्यांच्या माना वळत. वळणाऱ्या मानांनाही आवाज असतो. ताईबरोबर हिंडून तो मला ओळखू येऊ लागला आहे. मावशींची मान वळत नसे. त्या उजवा तळवा जरासा वर करत, काका थांबत आणि सगळा विहार थांबे. समोरच्या दिव्याच्या ज्योतीकडे पाहत त्या बसून राहत, बस येईल तेव्हा येईल अशा मुद्रेने. ना औषध सुचवत, ना “आमच्या वेळी” म्हणत. फक्त चष्म्याची डबी सतरंजीवरून निशूकडे सरकवत. तो ती उघडे, मिटे. टक्, टक्. त्या इवल्या आवाजात किंकाळी हळूहळू विरघळे, आणि मग मावशी म्हणत, “हं. राहिलं तिथूनच घेऊ.” तुटलेली ओळ पुन्हा उचलली जाई, रडणं म्हणजे जणू तिच्यातलाच एक विराम.

“मावशी, अशाने वंदना संपायची कधी?” एकदा कोणीतरी विचारलं.

“घाई आहे होय? बसा की. खीर अजून उकळतेय.”

मग मावशींच्या मुलाने मांजरी भागात लिफ्टवाला फ्लॅट घेतला आणि त्या तिकडे राहायला गेल्या. शहराच्या त्या टोकाहून दोन बस बदलून येणं त्यांच्या गुडघ्यांना पेलेना. त्यांच्या जागी आता नवा स्पीकर उभा आहे. शिट्टी वाजते ती त्याचीच.

ऑफिसच्या कॉलवर मी दिवसभर इंग्रजीत बोलते. इथे मात्र वंदनाही ओठांतल्या ओठांत म्हणते, उच्चार चुकेल म्हणून. ताई दाराशी पोचली होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय दुसरी चाचपडतोय. निशूचे केस घामाने कपाळाला चिकटलेले.

माणूस दूर गेलं की त्याच्या जागेवर काळ काही ना काही आणून ठेवतोच. त्याने धरून ठेवलेली शांतता मात्र तशीच अधांतरी राहते, कोणी हात पुढे करीपर्यंत.

मी उठले. स्पीकरची वायर ओढून काढली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“काका, थांबा ना जरा. ताई, चप्पल काढ. राहिलं तिथूनच घेऊ.”