सिदूनं नशीब काढलं

सिदूच्या पाचवीला सटवाई त्याच्या कपाळावर लिहायला आली तेव्हा तिला पेंग आली असणार, असं त्याची आई साखराबाई म्हणायची. ती चेष्टेनं म्हणायची, पण धर्मापुरीजवळच्या त्या धनगरांच्या वस्तीवर सगळ्यांनी ते खरंच धरलं होतं. सिदूच्या हातची कोकरं जगत नसत. विंचू निघायचा तो त्याच्याच वाकळेतून. दोनदा सोयरीक जमली आणि दोन्ही वेळा मोडली. दुसऱ्या वेळी तर मुलीचा बाप बोलणी करून जाताना मोटरसायकलवरून पडला आणि त्याचं खापरही सिदूवरच फुटलं. चाळिशी आली तरी तो एकटाच होता.

धाकट्या बजरंगचं सगळं उलट. त्याची बायको शिवकन्या कामाला वाघीण, सहा वर्षांची पोरगी सायली, आणि तो जाईल तिथं चारापाणी.

दिवाळी झाली की दोघं भाऊ मेंढरं घेऊन माजलगावच्या कालव्याकडं निघत. रात्री ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याला लेंडीखत मिळायचं, यांना त्याबदली ज्वारी. बजरंग पुढं जाऊन गावात शेत बघायचा. शिवकन्या आणि सायली बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन त्याच्यामागं. सिदू सगळ्यांच्या शेवटी, मान खाली घालून, मेंढरं हाकत.

एके दिवशी कालव्याच्या कडेला भाकरी खाताना सिदूनं विचारलं, "बजरंग, तुलाच समदं कावून गावतंय रं? मला कावून न्हाई?"

बजरंग हसला. "दादा, तू कुना मानसाशी बोलतूस तरी का? मी धा जनाला इचारतो. नऊ जन हाकलून देतेत. ती तुला दिसत न्हाईत, तुला येकच दिसतो. उद्या तू जा पुढं."

"माझ्या तोंडाकडं बघून कुनी देईल का?"

"जाऊन तर बघ."

दुसऱ्या दिवशी सिदू दिंद्रुडच्या शिवारात गेला. पहिल्या तिघांनी त्याला बांधावरूनच वाटेला लावलं. चौथ्या रानात एक म्हातारा कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होता. सिदूनं रामराम घातला आणि पुढचे शब्दच विसरला.

"जयभीम," म्हातारा म्हणाला. "बोला पाव्हनं. इतक्या लांबून काय नुसता रामराम घालायला आलात का?"

ते निवृत्ती गुरुजी. शाळेतून रिटायर होऊन शेती करत होते. त्यांनी आठ दिवस रान दिलं, चहा पाजला, आणि बोलता बोलता म्हणाले की बुधवारी गावात जनावरांचा डॉक्टर लस द्यायला येणार आहे. सिदूनं सगळा कळप नेऊन उभा केला. पंधरा दिवसांनी कालव्यावर रोग पसरला. शेजारच्या कळपवाल्यांनी मेंढरं खड्ड्यात पुरली. यांचं एकही गेलं नाही.

तेव्हापासून सिदू पालटला. वाटेत दिसेल त्याच्याशी बोलू लागला. टपरीवर थांबायचा, कुणाची मोटर बंद पडली तर हात लावायचा, कुणाच्या पोरांची नावं विचारायचा. त्यातूनच कधी शेत मिळे, कधी जुनी ताडपत्री. रामनं, परळीकडच्या एका सोयऱ्यानं, त्याच्यासाठी स्थळही काढलं. बाई नवऱ्यानं टाकलेली होती, पण भली होती. आपलंही बरं होऊ शकतं, हे सिदूला पहिल्यांदाच वाटत होतं.

आता भावांनी पाळ्या लावल्या होत्या. एक दिवस बजरंग पुढं, एक दिवस सिदू. त्या गुरुवारी पाळी बजरंगची होती. सकाळी दाट धुकं पडलं होतं. धुक्यात घोडी हळू चालते म्हणून शिवकन्या आधीच निघून गेली होती, मागं दोघं भाऊच होते.

"आज बी मीच जातो," सिदू म्हणाला. आदल्या दिवशी त्याला एका विहिरीवाल्या शेताचा पत्ता लागला होता आणि ते आपणच मिळवावं असं त्याच्या मनात होतं.

"आज माझी पाळी हाय दादा. दाढ लई दुखायली, गावात गोळी बी घ्यायची हाय."

"गोळी मी आनतो की. जाऊ दी मला."

बजरंगनं गालावर हात दाबला आणि हसायचा प्रयत्न केला. "जा बाबा. तुला आता चटक लागली."

सिदूला शेत मिळालं. मालकानं हॉटेलात चहा सांगितला आणि सिदू त्याच्यासमोर बसून गप्पा मारत राहिला. फोन वाजला. पलीकडं शिवकन्या रडत होती.

मागं रस्ता ओलांडताना एक लंगडी मेंढी रेंगाळली होती. तिला उचलायला बजरंग वाकला आणि धुक्यातून उसाचा ट्रक आला. अकरा मेंढरं जागेवर गेली. बजरंगला जीपमध्ये घालून अंबाजोगाईकडं नेलं, पण तो वाटेतच संपला.

वस्तीवर माणसं भेटायला येत. साखराबाईजवळ रडत, आणि उठताना सिदूकडं बघून म्हणत, "रोज मागं ह्योच असायचा. त्याच दिवशी नेमका पुढं गेलता. नशीब काढलं सिदूनं!" सिदू खालची माती उकरत बसायचा.

तेराव्यानंतर राम आला. ओसरीवर बसून म्हणाला, "पोरीकडचे तयार हायेत. उलट म्हनतेत, यवढ्यातून वाचलेला मानूस, नशिबाचा हाय."

सिदू उठून उभा राहिला. शिवकन्या दारात ज्वारी पाखडत होती.

"त्या दिवशी पाळी माझी नव्हती," तो म्हणाला. "बजरंगची व्हती. मीच मागून घेतली."

सूप थांबलं.

"ते न्हाई म्हनले व्हते का?" शिवकन्येनं विचारलं.

"म्हनला व्हता. दाढ दुखती म्हनला. गोळी आनतो म्हनून मी गेलतो."

"आनली व्हती?"

सिदूला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई. आदी चा प्यायला बसलो."

ती उठली. सूप तिथंच ठेवून आत गेली. रामनं टोपी उचलली आणि स्थळाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. आठ दिवसांनी शिवकन्या सायलीला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. "खरं सांगून काय मिळालं रं तुला?" म्हणून साखराबाईनं एकदाच विचारलं. सिदू मेंढरं सोडायला उठला.

सिदू आता मजुरीचा गडी घेऊन कळप नेतो. शेत मागायचं ते मागतो, आणि बहुतेक वेळा ते मिळतंही. उन्हाळ्यात बजरंगच्या वाट्याची ज्वारी आणि कोकरं घेऊन तो शिवकन्येच्या माहेरी जातो. पहिल्या वर्षी तिनं आतूनच "ठिवा तिथं" म्हटलं आणि दार लोटलं. यंदा दार उघडं होतं. ती बाहेर आली नाही, पण सायली पाण्याचा तांब्या घेऊन आली. सिदू उभ्यानंच पाणी प्यायला, त्यानं तांब्या तिच्या हातात दिला आणि ऊन उतरायची वाट न बघता परत निघाला.