टाकीतले अश्रू

“टाकीचं झाकण वाच, मग नळी धर. आणि चुकीचं इंधन भरलंच, तर किल्लीला हात नको. गाडी ढकलायची, गं बाई, ढकलायची!” मला गाडी शिकवताना दादा हे ओवीसारखं म्हणायचा.

आता दादा नव्हता. त्याची डिझेलची गाडी अंगणात होती, आणि अंगणात मुंगीला जागा नव्हती.

वहिनीनं किल्ली फिरवली. इंजिन थरथरलं, त्यानं पांढरा धूर ओकला. मग आतून आवाज आला. ठक. ठक. ठक. गाडी बंद पडली.

“ऐकलंत?” धूरबाबा म्हणाला. मेलेली माणसं धुरात बघतो, म्हणून हे नाव. “मालक आतून दार वाजवतोय! बायकोला न्यायला आलाय. गाडी माझ्या हवाली करा, नाहीतर एक दिवस ही निघेल आणि बाई परतायची नाही.”

“नेऊ दे की,” वहिनी पुटपुटली.

सकाळ-संध्याकाळ ती किल्ली फिरवायची, फक्त ती ठकठक ऐकायला. याच गाडीतून शाळेची मुलं नेऊन तिला घर चालवायचं होतं. आमचा धाकटा भाऊ भिंतीशी उभा होता, मान खाली घालून.

बाबानं हातातला दिवा गाडीभोवती फिरवला. टाकीच्या झाकणाशी आला आणि एकदम ओरडला, “दिवा फाटकाबाहेर न्या!” दिवा बाहेर गेल्यावरच त्यानं टाकी उघडली आणि नळीनं बाटली भरली. “हे बघा, त्याचे अश्रू!”

बायका मुसमुसू लागल्या. मी मात्र दिव्याकडे बघत होते. भुताला न भिणारा बाबा दिव्याला का भ्याला?

मी फाटकाशी जाऊन दिवा उचलला. “बाबा, अश्रू जरा उजेडात बघू. आणू जवळ?”

“ए बाई, तिथंच थांब! भडका उडेल!”

“भडका? अश्रूंचा?”

“माझ्या सासूनं जन्मभर अश्रू गाळले,” शेजारच्या मावशी म्हणाल्या, “पण काडीसुद्धा पेटली नाही हो!”

हशा पिकला. मी दिवा विझवला, मग बाटली हुंगली. “पेट्रोल आहे. वासावरून तुम्ही केव्हाच ओळखलंत, बाबा. गाडी नेली असतीत, टाकी धुतली असतीत, इंधनाचा पंप बदलून विकली असतीत.”

बाबा गर्दीतून धुरासारखा निसटला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आज अंगणात शिकवलं. “डिझेल नुसतं जळत नाही, इंजिनाला ते पुरवणाऱ्या पंपाला वंगणही घालतं. पेट्रोलनं पंप कोरडा घासतो, जळण बिघडतं, इंजिन ठकठकतं. वहिनी, तो दादा नाही गं. किल्ली फिरवून तू जितकी हाक मारतेस, तितकी गाडी मरतेय. टाकी उपसू, मेकॅनिकला दाखवू, तोवर किल्ली मला दे. आणि मंडळी, वास नाकासमोर होता. हात जोडण्याआधी एकदा हुंगायचं तरी!”

वहिनीनं किल्ली मुठीत आवळली. “पण पेट्रोल भरलं कुणी?”

“मी, वहिनी.” धाकटा भिंतीपासून पुढे आला. “डिझेल भरायला गेलो, आणि स्कूटरच्या सवयीनं तोंडातून ‘पेट्रोल’ गेलं. त्याच दिवशी सांगणार होतो. पण ती ठकठक ऐकून, दादा गेल्यापासून तू पहिल्यांदा हसलीस.”