क्रमांक एक ते चौतीस

"काका, एवढंच सांगा. सात नंबरचं रोप शीळफाट्याच्या टेकडीवरचंच ना?" विद्यापीठातून आलेल्या अंतराने तिसऱ्यांदा विचारलं.

दौलत खरातांनी तिचा टॅब डोळ्यांजवळ नेला. "शीळचंच. नाही, थांबा मॅडम. शीळचंच असणार."

दौलत शहात्तर वर्षांचे. विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहात एकतीस वर्षं शिपाई होते. वनस्पतिशास्त्राच्या सरांबरोबर रानोमाळ हिंडून हजारो झाडं त्यांनी उपटली, वाळवली, जाड कागदावर शिवली. लेबलवर संकलक म्हणून नाव सरांचं. एकदाच, १९९१च्या श्रावणात, सरांचा पाय मोडला आणि दौलत एकटे गेले. शनिवारी शीळ, रविवारी माळशेज. त्या चौतीस शीटवर त्यांचं नाव लागलं. विद्यापीठ आता संकलकांची यादी छापणार होतं आणि या चौतीस शीटमुळेच दौलत तिच्यात बसत होते.

अडचण सात नंबरची. तीन पावसाळे शोधूनही त्या जातीचं रोप शीळला सापडलं नव्हतं.

सून ऐश्वर्या आतून म्हणाली, "मॅडम, बाबांनी अख्ख्या विठ्ठलवाडीला सांगून ठेवलंय. पेढे कधी आणायचे तेवढं बोला."

"तू चहा टाक," दौलत म्हणाले. मग अंतराला, "परत आल्यावर सोमवारी माझी ड्युटी होती. झाडं ओल्या पेपरात राहिली की बुरशी धरतात. आमच्या मालननं, बायकोनं, घरी पेपर बदलले. नंबरच्या चिठ्ठ्या भिजत होत्या, त्या सोडून तिनं डब्यात ठेवल्या. कुठला नंबर कुठल्या झाडाचा ते मी रानातच वहीत लिहिलेलं; संध्याकाळी वहीत बघून परत बांधल्या."

"वहीत बघून? नक्की?"

"म्हणजे... बांधल्या खऱ्या."

अंतरा लिहीत होती. दौलत बोटाने फोटो सरकवत राहिले. एक, दोन, तीन. एकोणीसपर्यंत शीळ, पुढे माळशेज. चौतीसला पोचून ते थांबले. परत एकपासून सुरुवात केली.

"मॅडम, ह्यांची उंची बघा."

अंतराने पाहिलं. पहिलं रोप चार बोटांचं. पुढचं त्याहून जरा मोठं. शेवटचं कागदात मावेना म्हणून दुमडलेलं.

"फळीवर डबे लावावेत तशी लावली तिनं. लहान वर, मोठं खाली. आणि मी वरून एक-दोन-तीन करत चिठ्ठ्या बांधत गेलो."

"वही पाहिलीच नाहीत?"

"पाहिली असंच वाटत होतं. इतकी वर्षं."

अंतराने पेन खाली ठेवलं. "मला हे दिसलं नसतं, काका."

"मला तरी कुठं दिसलेलं."

"मग कुठलं झाड कुठल्या जागेचं, काहीच धरता येणार नाही. चौतीसच्या चौतीस बाजूला काढाव्या लागतील. यादीतलं तुमचं—"

"काढा." दौलत म्हणाले, "चिठ्ठ्या कुणी सोडल्या ते लिहू नका. बांधल्या मी."

अंतराने आपल्या वहीतली एक ओळ खोडली.

ऐश्वर्या चहा घेऊन आली. "काय बाबा, कितवं नाव तुमचं?"

"ठरायचंय अजून," दौलत म्हणाले. टॅब त्यांच्या हातातच होता. सगळ्यात उंच झाडापासून मागे, लहानाकडे, मालननं रचली त्याच क्रमाने, ते एकेक शीट बघत निघाले.